दोन गाण्यांच्या मधला बारापात्रे

हेमंत बारापात्रेने न्यू जर्सीतल्या कितीतरी मराठी माणसांना नाचवलं, पण तो स्वतः कधी नाचला नाही. नाचणं सोडाच, गाणं वाजत असताना तो साधी मानही डोलवायचा नाही. चेहरा असा, की समोर गाणं चाललेलं नसून कुणीतरी त्याला टॅक्सचे नियम समजावून सांगतंय. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात त्याला पहिल्यांदा गाणी मिसळायच्या मिक्सरमागे उभा बघितल्यावर एका काकूंनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं, "त्या मुलाच्या घरी काही झालंय का रे?"

घरी काही झालेलं नव्हतं. बारापात्रे एकाग्र झालेला होता.

आमची गाठ पडली २००२ साली, आयसेलिनमध्ये. नोकऱ्या जाण्याचे दिवस होते ते. माझा आधीचा रूममेट त्याच लाटेत पुण्याला परत गेला होता आणि दोन बेडरूमच्या अपार्टमेंटमध्ये मी एकटा उरलो होतो. कुणाच्या तरी ओळखीतून बारापात्रे आला. मूळचा नागपूरचा, एका विमा कंपनीत डेटाबेस सांभाळणारा, उंच, किडकिडीत, आणि कुठल्याही प्रश्नाचं उत्तर देण्याआधी जरा थांबणारा. सामान म्हणजे एक सूटकेस, एक कुकर, एक कढई आणि ब्लँकेटांत गुंडाळलेले दोन टर्नटेबल. दिसायला जुन्या रेकॉर्ड प्लेअरसारखे, फक्त बाजूला वेग कमी-जास्त करायची पट्टी. आधीच्या गावात एका अमेरिकन पोराचं लग्न ठरलं आणि होणाऱ्या बायकोने हे घरातून काढायला सांगितलं, ते याने उचलून आणले होते.

मी विचारलं, दोन कशाला?

"एकावर गाणं वाजते," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "दोघांवर मी वाजतो."

डीजे म्हणजे एकामागून एक गाणी लावणारा माणूस, अशी माझी तोवर समजूत होती. बारापात्रेने पहिल्याच आठवड्यात ती मोडीत काढली. त्याचं म्हणणं, गाणी काय, मशीनही लावते. डीजेचं काम सुरू होतं ते एक गाणं संपत असताना आणि दुसरं सुरू होत असताना, मधल्या त्या पट्ट्यात. हेडफोन एका कानाला, पुढचं गाणं लोकांच्या आधी आपण ऐकायचं, त्याची गती चालू गाण्याशी जुळवायची आणि नाचणाऱ्याच्या पायाला कळूही न देता त्याला एका गाण्यातून दुसऱ्यात न्यायचं.

हे त्याला तेव्हाच येत होतं. पण त्याची त्याला काडीची किंमत नव्हती. "ठोके जुळवायला कोणालाही येते. चार महिने घासलं की येते. त्याच्यापुढं काय?" हा "त्याच्यापुढं काय" त्याच्या डोक्यात ठाण मांडून बसला होता. ऑफिसातली इतर मंडळी ग्रीन कार्डाच्या मागे होती, हा त्याच्यापुढं काय याच्या मागे.

घरात आम्हा दोघांत स्वयंपाकाची पाळी असायची. त्याच्या पाळीला वरण-भात आणि शिकवणी एकत्र मिळायची. कांदा चिरता चिरता तो सांगायचा, की दोन गाण्यांचा बास कधीही एकत्र वाजू द्यायचा नाही. बास म्हणजे तो छातीत जाणवणारा जाड आवाज. नव्याचा बास घरात घेतला की जुन्याचा त्याच क्षणी बाहेर काढायचा, नाहीतर सगळा चिखल. तसंच दोन गायक एकाच वेळी गायला लागता कामा नयेत. एकाचं म्हणणं पुरतं होऊ द्यावं, मग दुसऱ्याने तोंड उघडावं. "नाहीतर मंडळाची मिटिंग होते," तो गंभीरपणे म्हणायचा. तो विनोद करतोय की उदाहरण देतोय हे मला कधीच ठरवता आलं नाही.

या अभ्यासापायी त्याने ओक ट्री रोडवर स्वतःची वेगळीच ओळख करून घेतली होती. रविवारी आम्ही भाजी आणायला जायचो. तिथे एक साडीचं दुकान आणि एक सीडी-कॅसेटचं दुकान जवळजवळ होती, आणि दोघांनी दारात आपापला स्पीकर ठेवलेला. बारापात्रे या दोघांच्या बरोबर मधे, फुटपाथवर, डोळे मिटून उभा राहायचा. एका कानात हे गाणं, दुसऱ्या कानात ते. मी कोथिंबीर, मिरच्या, गूळ, सगळं घेऊन परत यायचो तरी हा तिथेच. साडीवाले गुजराती काका समजायचे की गिऱ्हाईक आहे पण लाजतंय. ते बाहेर येऊन त्याला हाताला धरून आत न्यायचे, बसवायचे, चहा पाजायचे. नाही म्हणायची भीड पडून बारापात्रे काही ना काही घेऊन बाहेर पडायचा. ब्रह्मचारी माणसाच्या कपाटात तीन दुपट्टे आणि एक बांधणीची साडी होती. तिच्यावर तो इस्त्री ठेवायचा.

ऑफिसला आम्ही एकाच गाडीतून जायचो. गाडी त्याची, त्यामुळे कॅसेटही त्याची, आणि कॅसेटवर आदल्या संध्याकाळी घरी केलेला त्याचाच सराव. वाजवताना आपल्याला आपली चूक ऐकू येत नाही, ती दुसऱ्या दिवशी सकाळी ऐकू येते, असा त्याचा सिद्धांत होता. मला चूक कधीच ऐकू आली नाही. दोन गाणी गुळगुळीत एकमेकांत शिरायची आणि हा स्टिअरिंगवर हात आपटून म्हणायचा, "पाहिलं? घाई केली. पुढचं गाणं येऊन राहिलं त्याच्या आनंदात पहिल्याला ढकलून देल्लं." टोलनाक्यावर तो टेप बंद करायचा. बाहेरच्या माणसाला आपली चूक ऐकू जाऊ नये म्हणून.

आमच्या खालच्या मजल्यावर मिसेस नोवाक राहायच्या. पोलिश आईबापांची मुलगी, जर्सीतच वाढलेली, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. शनिवारी दुपारी बारापात्रेचा सराव सुरू झाला की त्या झाडूच्या दांड्याने छत ठोकायच्या. कुठलाही सभ्य माणूस आवाज कमी करेल. बारापात्रे कान देऊन ऐकायचा आणि म्हणायचा, "बाई थोड्या स्लो आहेत." एकदा तर त्याने टर्नटेबलची पट्टी हलवून गाणं त्यांच्या ठोक्याशी जुळवलं. खालून ठोकणं बंद झालं. त्याला वाटलं, पसंत पडलं. प्रत्यक्षात त्या जिना चढून वर आल्या होत्या.

दार मी उघडलं. झाडू हातात होताच. मी माफी मागायला सुरुवात केली, तर त्या मला बाजूला सारून थेट त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की आवाजाबद्दल त्यांची काही तक्रार नाही, त्यांना कमीच ऐकू येतं. तक्रार वेगळी आहे. "तू एकही गाणं पूर्ण वाजवत नाहीस. त्या बाईचं गाणं मला आवडलंय. ती वर चढत चढत जाते आणि तू दर वेळी तिला तिथेच तोडतोस. पुढे काय होतं ते मला कळायला नको का?"

बारापात्रे खरोखर गडबडला. तो सराव करायचा तो फक्त जोडकामाचा. गाण्याचं शेपूट आणि पुढच्याचं डोकं, एवढंच पुन्हा पुन्हा. मधलं धड त्याने स्वतःही कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. त्याने बाईंना खुर्ची दिली, चहा टाकला आणि ते गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत लावलं. हिंदी गाणं, त्यांना एक शब्द कळत नव्हता. गाणं संपल्यावर त्या म्हणाल्या, "हं. म्हणजे शेवटी ती परत खाली येते," आणि समाधानाने झाडू घेऊन गेल्या.

त्या दिवसापासून बारापात्रे दर शनिवारी सरावाच्या आधी एक गाणं पूर्ण वाजवायचा, मधे कुठेही हात न लावता. त्याला ते औषधासारखं कडू वाटायचं. हात मागे बांधून उभा राहायचा.

मंडळाच्या दिवाळीला त्याने पहिल्यांदा वाजवलं ते २००३ मध्ये. व्हिसा असा होता की बाहेरच्या कामाचे पैसे घेता येत नव्हते, म्हणून मानधन म्हणजे एक वेळचं जेवण आणि उरलेले गुलाबजाम. शाळेच्या जिममध्ये कार्यक्रम होता, बास्केटबॉलच्या रिंगखाली त्याचं टेबल. त्याने महिनाभर तयारी करून पाऊण तासाचा एक सलग तुकडा बांधला होता. कुठेही शिवण दिसत नव्हती. संपल्यावर तो वाट बघत उभा राहिला. एक काका आले, म्हणाले, "छान झालं हो. पण तुम्ही फार कमी गाणी लावलीत." दुसरे म्हणाले की एकच गाणं इतका वेळ चालू होतं की जरा कंटाळा आला.

घरी येताना त्याने गाडीत कॅसेट लावली नाही. मग म्हणाला, की याचा अर्थ काम उत्तम झालं. चांगल्या जोडाची ओळखच ही, की तो कुणाला दिसत नाही. पुढे बराच वेळ रस्ता बघून त्याने जोडलं, "पण एकाले तरी दिसायला पाहिजे होता यार."

फर्माइशी हा त्याचा दुसरा शत्रू. लोक टेबलापाशी येऊन गाणी मागायचे आणि आता लगेच मागायचे. बारापात्रेने कधी कुणाला नाही म्हटलं नाही. त्याचं एकच उत्तर ठरलेलं होतं, "येऊन राहिलं न, काका." काका खूश होऊन जायचे. गाणं यायचं नाही. ते परत आले की हा परत तितक्याच आदराने, "येऊनच राहिलं." पुण्यामुंबईच्या लोकांना ही क्रियापदाची नागपुरी तऱ्हा नेमकी किती वेळाची हमी देते हे ठाऊक नव्हतं, आणि याचा त्याने मनसोक्त फायदा घेतला.

या सगळ्यात एक खरोखरचा वाईट दिवस आला, तो करमरकरांच्या अदितीच्या साखरपुड्याचा.

करमरकरकाका एडिसनला राहायचे. आमच्यासारख्या नव्याने आलेल्या पोरांना घरी बोलावून जेवू घालणारं ते घर. काका अत्यंत प्रेमळ आणि तितकेच हट्टी, नाट्यगीतांचे शौकीन, बाकी सगळ्या संगीताला ते एकत्रितपणे "तो धडधडाट" म्हणायचे. अदिती त्यांची एकुलती एक, तिथेच जन्मलेली. तिने हरमन नावाचा पंजाबी मुलगा पसंत केला. मुलगा चांगला, डॉक्टर होत असलेला, काकांना त्याच्याबद्दल सांगण्यासारखं वाईट काही सापडत नव्हतं आणि त्यामुळे ते जास्तच घुश्शात होते. आपल्याशी आधी बोलायला हवं होतं, हे त्यांचं खरं दुखणं. बापलेकींचं बोलणं जेवणापुरतं उरलं होतं. काकू दोघांमधे निरोप्यासारख्या फिरायच्या.

अदितीने साखरपुड्याला वाजवायचं काम बारापात्रेला दिलं. हा मनापासून तयारी करून गेला. पंजाबी गाणं लागलं की हरमनची सगळी माणसं, त्याच्या आजीसकट, हॉलच्या मध्यभागी. आपली मंडळी खुर्च्यांवर, हातात पाण्याचे ग्लास. मराठी गाणं लागलं की ती सगळी जागेवर आणि आपली पदर खोचून मध्यभागी. जोड एकही चुकला नव्हता. ठोक्याला ठोका, बासला बास. आणि प्रत्येक जोडावर निम्मा हॉल उठत होता, निम्मा बसत होता. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं संगीतखुर्ची चाललीये. शेवटी हरमनच्या आईने काकूंना हसत हसत विचारलं, की तुमच्याकडे आमच्याबरोबर नाचत नाहीत का. काकू हसल्या. काका हसले नाहीत. ते बारापात्रेच्या टेबलापाशी येऊन म्हणाले, "बघितलंस? हे असंच राहणार," आणि कोट चढवून गाडीत जाऊन बसले. अदिती बाथरूममध्ये जाऊन रडून आली हे तिच्या डोळ्यांवरून सगळ्यांना दिसत होतं.

मी बारापात्रेला समजावलं, की यात तुझी चूक नाही, माणसंच तशी. तो ऐकून घेणाऱ्यांतला नव्हता. "माणसं माझ्या गाण्यावर उठली ना? मग माझंच." लग्न सहा महिन्यांवर होतं. अदितीकडे जाऊन त्याने रिसेप्शनचं काम मागून घेतलं. तिने दिलं, बहुधा त्याच्या तोंडाकडे बघून.

पुढचे काही शनिवार सराव बंद. मिसेस नोवाक काळजीने वर येऊन बघून गेल्या. बारापात्रे ओळखीच्या-अनोळखी लग्नांना जायला लागला होता, वाजवायला नाही, नुसता बघायला. हातात बशी घेऊन बुफेपाशी उभा राहायचा आणि लोकांच्या पायांकडे बघायचा. एका लग्नात वधूच्या मामांनी त्याला विचारलं, तुम्ही कुणाकडचे? हा खरं सांगून मोकळा झाला, की मी पाय पाहून राहिलो. मामांनी त्याला दारापर्यंत सोडलं.

पण त्यातून त्याच्या हाती एक गोष्ट लागली. लोक ठोका बदलला म्हणून जागा सोडत नाहीत. नवा ठोका आला तरी पाय हलतच असतात. ते जातात शब्द ऐकू आल्यावर. आपली नसलेली भाषा कानावर पडली की पाय थांबतात, आपण इथले नाही असं वाटतं, आणि माणूस खुर्ची शोधतो. म्हणजे शब्द यायच्या आधी पुरेसा वेळ दोन्हीकडच्या माणसांनी एकत्र नाचलेलं असायला हवं. नुसत्या वाद्यांवर. एकमेकांची सवय होईपर्यंत.

आता प्रश्न, कुठली वाद्यं? करमरकरांकडची मंडळी ज्यावर न चुकता उठतात ते कोळीगीत. हरमनकडची, पंजाबी ढोल. बारापात्रे आठवडाभर डोकं धरून बसला होता. कोळीगीताची चाल होडीसारखी झुलती, ढोल सरळ आणि दणकट. दोन्ही एकत्र वाजवले की कोळ्यांची होडी खडकावर आपटल्यासारखी वाटायची.

हा गुंता सुटला तळघरातल्या लाँड्रीत. मी कपडे वाळवत होतो, ड्रायरमध्ये माझे कॅनव्हासचे बूट होते. बारापात्रे त्याचे कपडे घेऊन खाली आला आणि दारातच थबकला. बूट आत आपटत होते, धप् आणि लगेच पुढे एक लहानसा धप्. धप्-धप्, धप्-धप्. त्याने बादली खाली ठेवली. मला म्हणाला, कोळीगीताच्या टाळ्या वाजव. मी वाजवायला लागलो. तो ढोलाच्या वाजवायला लागला. ड्रायर चालू. एक गुजराती भाभी कपड्यांची टोपली घेऊन आल्या, टाळ्या वाजवत मशीनभोवती उभ्या असलेल्या आम्हा दोन इंजिनिअरांकडे त्यांनी पाहिलं आणि टोपली घेऊन तशाच मागे गेल्या.

"ढोल सरळ नाहीच बे," बारापात्रे म्हणाला. "त्याच्याही पोटात तीनच आहेत. मधला गिळते फक्त."

त्याने समजावलं ते असं. कोळीगीतात प्रत्येक मोठ्या ठोक्याचे तीन भाग ऐकू येतात, म्हणून ते झुलतं. ढोलातही तेच तीन भाग, फक्त मधला वाजवत नाहीत, म्हणून तो लंगडत, उसळत जातो. दोघं मुळात एकाच चालीने चालणारे. आपण त्यांना चुकीच्या जागी भेटवत होतो. तो कपडे तिथेच टाकून वर पळाला. त्याचे कपडे मी धुतले.

रिसेप्शन एडिसनच्या एका बँक्वेट हॉलमध्ये होतं, २००५ च्या उन्हाळ्यात. तोवर बारापात्रेने सीडी वाजवणारी नवी मशीनं जुळवली होती. त्यांच्यावर गाण्याचा एक तुकडा हवा तितका वेळ फिरवत ठेवता यायचा. जेवणं होईपर्यंत तो हळू, मवाळ काहीतरी वाजवत राहिला. काकांच्यासाठी एक नाट्यगीतही लावलं, पूर्ण, हात मागे बांधून. काका मुख्य टेबलावर ताठ बसले होते, पाहुण्यांशी सौजन्याने वागत होते आणि अदितीकडे बघत नव्हते.

मग कोळीगीत सुरू झालं. आपली मंडळी उठली. नेहमीप्रमाणे पंजाबी मंडळी खुर्च्यांवर. गायिकेचं कडवं संपलं, बारापात्रेने शब्द काढून घेतले, नुसता ताशा आणि झुलती चाल फिरत ठेवली, आणि तिच्या खालून अगदी बारीक ढोल आत आणला. मला माहीत होतं म्हणून ऐकू आला. हरमनच्या काकाचा खांदा हलला. मग दुसऱ्या कुणाचा. आपल्या बायकांना काही कळलंच नाही, त्या कोळीनृत्य करत होत्या. एकेक करून तिकडची माणसं उठून त्यांच्यातच शिरली, कारण त्यांच्या कानात ढोल होता, आणि आपलं कुणी बसलं नाही, कारण होडी चालूच होती.

इथे बारापात्रेच्या योजनेप्रमाणे शब्द यायचे होते. पण नेमके त्याच वेळी करमरकरकाका उठले. आवाज कमी करायला सांगायला ते टेबलाकडे निघाले होते, आणि टेबलापर्यंतचा रस्ता नाचणाऱ्यांच्या मधून जात होता. ते अर्ध्यावर आले आणि अडकले. इकडे आपल्या मावश्या, तिकडे सहा-सहा फुटी सरदारजी. काका दोन्ही हात वर करून वाट मागत होते.

बारापात्रेने ते पाहिलं. पुढच्या गाण्याच्या बटणावर गेलेलं त्याचं बोट तिथेच थांबलं. शब्द आले असते तर थोडी तरी गर्दी पांगली असती आणि काका सुखरूप टेबलापर्यंत पोचले असते. त्याने तो तुकडा फिरवत ठेवला. काका डावीकडे सरकले, माणसं डावीकडे आली. उजवीकडे सरकले, तिथे हरमनची आजी होती, सगळे तिला बीजी म्हणत. हात वर केलेला माणूस दिसल्यावर बीजींनी त्याचा जो अर्थ त्यांच्याकडे होतो तोच घेतला. त्यांनीही हात वर केले आणि काकांच्या समोर येऊन उभ्या राहिल्या. काका सभ्य माणूस. वयस्कर बाई समोर नाचत असताना पाठ फिरवणं त्यांना शक्य नव्हतं. त्यांनी एक खांदा हलवला. मग दुसरा.

काका नाचले की वाट काढत होते, यावर करमरकरांच्या घरात अजूनही दोन मतं आहेत. अदितीने मात्र वेळ घालवला नाही. ती शालू सावरत गर्दीत शिरली आणि त्यांच्यासमोर उभी राहिली. काही वेळ बापलेक नुसते एकमेकांकडे बघत हलत होते. मग तिने काहीतरी विचारलं, काकांनी तिच्या कानाशी वाकून काहीतरी उत्तर दिलं, आणि तिने त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं. गर्दी त्यांच्याभोवती उसळतच होती.

बारापात्रे त्या जागी किती वेळ थांबला मला सांगता येणार नाही. दोन गाण्यांच्या मधे इतका वेळ उभा राहिलेला डीजे मी पाहिलेला नाही. त्याचा चेहरा नेहमीसारखाच, टॅक्सचे नियम ऐकणारा. फक्त हेडफोन त्याने गळ्यात उतरवून ठेवला होता. पुढचं गाणं ऐकायची त्याला घाई नव्हती. शेवटी पंजाबी शब्द आले तेव्हा एकही माणूस बसला नाही.

सगळं आवरताना अदिती टेबलापाशी आली. म्हणाली, "हेमंतदादा, थँक यू. आय मीन इट."

तो नेहमीसारखा थांबला. "ढोल थोडा लेट आणला मी," तो म्हणाला. "पुढच्या वेळी नाही होणार."

दुसऱ्या दिवशी काकांचा फोन आला. कार्यक्रम उत्तम झाला, पनीर उत्तम होतं, आवाज जास्त होता. जोडाबद्दल कुणीच काही बोललं नाही. काकांनी कानात काय सांगितलं ते मी अदितीला एकदा विचारलं. ती हसून म्हणाली, "बाबा सेड, माझे गुडघे दुखतायत, मला सोडू नकोस."

पुढच्या वर्षी बारापात्रेचं लग्न झालं. मी जाऊ शकलो नाही, पण शुभदा, त्याची बायको, अमरावतीची, इथे आल्यावर तिने पहिल्याच जेवणाच्या वेळी सगळी हकीकत सांगितली. वरात दाराशी आली, बँडवाल्यांनी एक गाणं तोडून दुसरं सुरू केलं, मधे चांगलाच खड्डा पडला, आणि नवरदेव घोड्यावरून उतरून बँडमास्तरशी बोलायला गेले. "मी हार घेऊन उभी," ती म्हणाली, "आणि हे क्लॅरिनेटवाल्याला टाळ्या वाजवून दाखवून राहिले. भटजी म्हणाले, मुहूर्त निघून जाईल. तर हे म्हणतात, दोन मिनिटं, जमूनच राहिलं." बारापात्रेने वरणात तूप घालत शांतपणे सांगितलं की नंतर बँडने फार सुंदर वाजवलं. शुभदाने मान्य केलं, ते खरं होतं.

लग्नानंतर ते दोघं पलीकडच्या बिल्डिंगमध्ये राहायला गेले. बांधणीची ती साडी इस्त्रीखालून निघून शुभदाकडे गेली. ती त्याचा सराव ऐकत बसायची आणि तिला जोड ऐकू यायचे. सगळेच्या सगळे. आवडला नाही तर "अंहं" एवढंच म्हणायची. एकाला तरी दिसावा, ही त्याची इच्छा अशी पुरी झाली, आणि मग तो त्याबद्दल तक्रार करायला लागला.

२००८ मध्ये त्याच्या कंपनीने त्यांचा सगळा विभाग नॉर्थ कॅरोलायनाला हलवला. मॉरिसव्हिलला त्यांनी घर बघितलं. निघायच्या दिवशी मी सामान भरायला गेलो होतो. जड सामान आधीच ट्रकने गेलं होतं. दोन टर्नटेबल त्याने ट्रकवाल्यांच्या हातात दिले नव्हते, ते गाडीच्या मागच्या सीटवर शेजारी शेजारी ठेवून दोघांना सीटबेल्ट लावले होते. शुभदाच्या मांडीवर तुळशीची कुंडी. तो म्हणाला, ये तिकडे, मी म्हटलं, येतो.

बारीक पाऊस होता. मी माझ्या गाडीतून त्यांच्या मागोमाग निघालो, ऑफिसच्या रस्त्याला वळेपर्यंत. रूट वन हायवेच्या अलीकडच्या सिग्नलला ते डावीकडे वळायला थांबले, मी त्यांच्या मागे. सिग्नल हिरवा झाला. त्यांची गाडी हलेना. माझ्या मागच्या गाडीने हॉर्न दिला, मग तिच्या मागच्याने. मला वाटलं गाडी बंद पडली. मग मी नीट पाहिलं. त्यांचा डावा इंडिकेटर उघडझाप करत होता, काचेवरून वायपर फिरत होता, आणि दोघांची चाल जराशी वेगळी होती. इंडिकेटरचे आणि वायपरचे ठोके एकमेकांच्या जवळ येत होते, थोडे राहत होते, अजून थोडे. मागच्या काचेतून शुभदाने त्याच्याकडे वळवलेलं तोंड मला दिसलं. मग एका क्षणी दिवा आणि वायपर एकाच ठोक्यावर पडले, आणि गाडी अलगद वळून निघून गेली.